गोठलेल्या रक्ताचा रंग

१

"माझं सैन्य कोणीतरी परत रंगवलंय," आबा फोनवर म्हणाले. "अख्खं. तू ताबडतोब ये."

आत्यांनी हातातला कप खाली ठेवला. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. हजार वर्षांपूर्वीचं बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचं, सैन्य करंगळीएवढ्या पुतळ्यांत उभं करायचं. घोडेस्वार, भालाईत, तिरंदाज आणि मधोमध सम्राट. चिलखताच्या एका पट्टीसाठी पुस्तकांचे ढीग उपसायचे, जुन्या चर्चच्या भिंतींवर रंगवलेल्या सैनिक-संतांची छायाचित्रं भिंगाखाली धरायची, आणि मग कुठे बारीक ब्रश हातात घ्यायचा. घरातल्यांना चुलत नातेवाइकांपेक्षा ते सम्राटच जास्त पाठ झाले होते, आणि त्यात कोणाची फारशी खुशी नव्हती.

आत्यांची उभी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. आग लागली की लावली, गाडी ठोकली की ठोकून घेतली, हे हुडकून काढणं त्यांचं काम. निवृत्तीनंतरही नातेवाईक त्यांची पाठ सोडत नव्हते. कोणाचं कानातलं हरवलं तरी फोन आत्यांनाच. पण आबांनी आजवर कधी बोलावलं नव्हतं. आपल्या घरातलं आपण बघून घेऊ, असा त्यांचा खाक्या.

दार सुनेनं उघडलं. आबांचा मुलगा कामासाठी परगावी असे, त्यामुळे घर आणि आबा दोन्ही तिच्याच अंगावर. तिनं आत्यांचा हात धरून त्यांना जिन्यापाशीच थांबवलं.

"आत जायच्या आधी एक सांगू? त्या पुतळ्यांना कोणी हात लावलेला नाही. ते आधीपासून तसेच आहेत."

"मग दादा असं का म्हणतोय?"

सून खाली बघत राहिली. "आत्या, अण्णांचं सुरुवातीला असंच झालं होतं ना?"

अण्णा म्हणजे आबांचे आणि आत्यांचे वडील. शेवटच्या वर्षांत त्यांना काही आठवेनासं झालं होतं. एकदा आत्या त्यांना जेवण भरवत असताना त्यांनी अदबीनं विचारलं होतं, "आपण कोणाकडच्या?" तो घास आत्यांच्या हातात तसाच राहिला होता.

२

सैन्याची खोली घराच्या टोकाला होती. खिडकीपाशी मोठं टेबल, त्यावर पठार, पठारावर सैन्य. लवकरच ग्रंथालयाच्या दालनात ते काचेखाली मांडलं जाणार होतं.

"हे बघ," आबा म्हणाले. आवाज चढलेला होता. "सम्राटाच्या खास तुकडीचे झगे बघ. निशाणं बघ. काय रंग आहे?"

"जांभळा."

"वांग्यासारखा जांभळा. मी असला रंग लावीन?"

मग आबांनी तो इतिहास सांगितला, जो घरात भिंतींनाही ठाऊक होता. राजवस्त्रांचा तो रंग समुद्रातल्या शंखवाल्या गोगलगायींपासून काढत. जुन्या लेखकांनी त्याचं वर्णन गोठलेल्या रक्तासारखा असं केलेलं. काळपट लाल, आत निळ्याचा अगदी निसटता भास. सम्राटाच्या जवळच्या तुकडीला त्याची छटा द्यायची, हे आबांचं स्वतःचं मत. ती छटा त्यांनी महिनोन् महिने खपून डोळ्यांत बसवली होती. बाटलीतला तयार रंग लावणं त्यांना आयतं विकतचं वाटे. दर खेपेला पांढऱ्या बशीत लाल, निळा, काळा घ्यायचा आणि नजरेला पटेपर्यंत घोटायचा. मापबीप काही नाही.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा अजून व्हायचाय. डॉक्टरांनी या खोलीत पाऊल ठेवायला बंदी केली होती, रंगांचा वास आणि धूळ नको म्हणून. काल दार उघडलं आणि हे पुढ्यात."

"मधल्या काळात किल्ली कोणाकडे?"

"मेजरकडे," आबा म्हणाले, आणि त्यांचं तोंड कडू झालं.

मेजर कधी सैन्यात नव्हता. त्याचं औषधांचं दुकान होतं. चालण्यातल्या ताठ्यामुळे ते नाव पडलं होतं. आबांचा हा जुना मित्र, पुतळ्यांच्या नादातला जोडीदार आणि एकाच बाबतीतला वैरी. त्याच्या मते तो शाही रंग स्वच्छ जांभळा होता. या एका मुद्द्यावर दोघांनी कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या.

"काचेच्या पेटीची मापं घ्यायला त्याला किल्ली दिली. त्यानं डाव साधला. आणि हा पुरावा." आबांनी एका निशाणवाल्याचा भाला दाखवला. मध्यावर डिंकाचा ताजा, चकचकीत थेंब होता आणि भाला किंचित वाकडा बसला होता. "हात लावल्याशिवाय मोडतो का?"

आत्यांनी भिंग घेऊन एकेक रांग पाहिली. मागच्या रांगांच्या पायाखाली लाकडाचा भुसा होता, मधल्यांच्या खाली वाळू, आणि पुढच्यांच्या खाली वाळवलेला चहाचा चोथा.

"ही जमीन निरनिराळी का?"

"करत करत शिकलो. आधी भुसा, मग वाळू. आता चोथा. माती म्हणून चोथ्याला तोड नाही. सूनबाई साठवून ठेवते."

"मागचे भुसावाले तर जांभळे दिसत नाहीत."

"तेवढे सोडले त्यानं. कंटाळला असेल." आबांनी खांदे उडवले. "तसे ते मला मधे मळकटच दिसायला लागले होते. सूनबाईला म्हटलंसुद्धा, धूळ झटकत जा म्हणून."

आबा खुर्चीत बसले आणि अचानक हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई जिन्यात काय म्हणाली ते मला कळलंय. मेजर चोर निघाला तर मी सोसीन. दुसरं काही निघालं, तर तेही तूच सांग. डॉक्टरांच्या तोंडून नको."

३

आत्यांना आधी छतावरचा दिवा दिसला. नवा कोरा, पांढराफेक.

"हा कधी बदलला?"

"आबा दवाखान्यात असताना," सून म्हणाली. "जुना पिवळा गेला होता."

आत्यांचा जीव भांड्यात पडला. पिवळ्या उजेडात साडी घ्यावी आणि घरी आल्यावर ती भलतीच निघावी, हे कोणाच्या वाट्याला आलेलं नाही? त्यांनी चोथ्यावरचा एक घोडेस्वार चिमटीत उचलला आणि आबांना घेऊन गच्चीत गेल्या. दुपारचं लख्ख ऊन होतं.

"आता सांग."

आबांनी पुतळा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "जांभळा," ते म्हणाले. "आणि माझ्या टेबलापाशी खिडकी आहे. मी रंग लावतो तो दिवसाउजेडी. दिव्यात कधीच नाही. माझ्या कामाची एवढी तरी माहिती तुला असायला हवी होती."

नाकाला मिरच्या झोंबल्या तरी आत्यांनी ऐकून घेतलं. विम्यातही पहिलं सोपं उत्तर बहुतेक वेळा फसवंच निघायचं. त्यांनी पर्स उचलली आणि मेजरच्या घराचा रस्ता धरला.

४

मेजरनं दार उघडलं, आत्यांना पाहिलं आणि ताठ कणा जरासा वाकला. त्याच्याही खोलीत पुतळे होते, पण रंगांच्या बाटल्यांना औषधाच्या बाटल्यांसारख्या चिठ्ठ्या आणि शेजारी थेंब मोजायची काचेची नळी.

"ताई, मी येणारच होतो सांगायला," तो म्हणाला.

"काय सांगायला?"

"तेच." त्यानं चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

आत्यांना असे पुसलेले चष्मे पुष्कळ माहीत होते. इथे पाणी मुरत होतं. त्या काही न बोलता बसून राहिल्या. समोरच्याला बोलतं करायला गप्प बसण्याइतकं स्वस्त साधन त्यांना दुसरं मिळालं नव्हतं.

"भाला माझ्या हातून मोडला," मेजर म्हणाला. "माप घेताना टेप लागली. मी चिकटवला, पण हात कापत होता. त्याला सांगायची हिंमत झाली नाही. तो भाला त्यानं किती दिवस खपून केला होता ते मी पाहिलंय."

"आणि रंग?"

"कसला रंग?"

"सम्राटाच्या तुकडीचा. जांभळा."

मेजरनं चष्मा परत घातला आणि आत्यांकडे नीट पाहिलं. त्या नजरेत चोरी नव्हती, गोंधळ होता.

"ताई, तो जांभळा मी लावलेला नाही. तो त्यानंच लावलाय, वर्षभरापासून लावतोय. हळूहळू जांभळ्याकडे येत गेला. मी मनात म्हटलं, चला, पटलं एकदाचं. पण तोंडानं कबूल करायचा नाही, स्वभाव माहितीये. मग मीही विषय काढला नाही. कशाला मित्राचं नाक कापायचं? मी तर त्याला किती वर्षं सांगतोय की थेंब मोजून रंग कर, म्हणजे आजचा आणि उद्याचा सारखा होईल. ऐकेल तर शपथ."

आत्या उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मेजरनं विचारलं, "मी चोरून रंगवलं, असं म्हणाला तो?"

"हो."

मेजरनं दाराला हात लावला. दार लावण्याआधी फक्त म्हणाला, "त्याची तब्येत बरी आहे ना, ताई?"

५

आता साक्षी दोन होत्या, सुनेची आणि मेजरची, आणि दोघं एकच सांगत होते. समोर आबा एकटे. साक्षी खोट्या असू शकतात, पण रंगाचे थर खोटं बोलत नाहीत. अपघातातली गाडी नवीन म्हणून दाखवली की आत्या दाराच्या कडेला नख मारत. खाली दुसरा रंग निघाला की दावेदाराचा चेहरा बघण्यासारखा होई.

त्यांनी सुई घेतली, चोथ्यावरचा एक घोडेस्वार उलटा केला आणि झग्याच्या आतल्या, कोणाला न दिसणाऱ्या कडेवर हलकेच ओरखडा काढला. जांभळा निघाला. त्याच्याखाली थेट रंगाआधी लावायचं राखाडी अस्तर. मधे काळपट लालाचा मागमूस नव्हता. दुसरा पुतळा घेतला. तिथेही तेच. वाळूवरचा घेतला, तिथेही.

हे सैन्य कोणी परत रंगवलं नव्हतं. जो रंग होता तो पहिलाच होता, आणि पहिला हात आबांचाच होता.

आत्यांनी सुई खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. थोरला भाऊ आता हळूहळू त्या वाटेनं जाणार, एक दिवस तोही आपल्याला अदबीनं विचारणार, हे चित्र त्यांच्यासमोर उभं राहिलं आणि हलेना.

मागे खुर्ची सरकली. आबा अगदी पाठीशी उभे होते. किती वेळ, कोणास ठाऊक. त्यांनी भिंगाखालचा ओरखडा पाहिला होता.

"थर एकच आहे," ते म्हणाले.

"दादा, ऐक जरा."

"म्हणजे मीच." आबांनी टेबलाचा आधार घेतला. "मीच लावला आणि मलाच आठवत नाही. सैन्य खोक्यात भर. ग्रंथालयाला कळव की येत नाही. आणि मेजरला..."

६

आत्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. सून मागच्या दाराशी कपड्यांची बादली घेऊन उभी होती आणि तिचे डोळे लाल होते.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "फक्त पुतळ्यांचं नाही. परवा शर्टांवरून केवढे चिडले. म्हणे, एवढी नीळ का घालतेस, सगळे शर्ट आकाशासारखे करून ठेवलेस. आत्या, नीळ वाढवायला त्यांनीच सांगितलं होतं. वर्षभर माझ्या मागे लागले होते की शर्ट पिवळे पडतात, आणखी नीळ घाल. मी घालत गेले. आता स्वतःचंच बोलणं आठवत नाही त्यांना."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"पिवळे पडतात, असं म्हणायचे?"

"रोज. मला तर पांढरेशुभ्र दिसायचे. पण वाद कोण घालणार?"

"आणि निळे दिसतात, असं म्हणाले ते कधी?"

"आता आता. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर." सुनेनं बादली खाली ठेवली. "का हो?"

विम्याच्या नोकरीत पहिल्या दिवशी साहेबांनी आत्यांना एक गोष्ट शिकवली होती. आग कोणी लावली, हे नंतर. आधी आग लागली होती का, ते बघ. इतक्या वर्षांत आत्या ती विसरल्या नव्हत्या, आणि आज भावाच्या घरात मात्र साफ विसरल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच खोलीकडे गेल्या. सून बादली तशीच टाकून मागोमाग.

७

आबा खोकं उघडून बसले होते. सम्राट आत गेला होता.

"तो बाहेर काढ," आत्या म्हणाल्या. "आणि इथे खिडकीत बस. मी विचारीन तेवढंच सांग."

त्यांनी टेबलावर घोडेस्वार एका ओळीत लावले. आधी भुशावरचे, मग वाळूवरचे, शेवटी चोथ्यावरचे. म्हणजे ज्या क्रमानं आबांनी ते रंगवले, तोच क्रम. आता कोणीही पाहिलं असतं. पहिला झगा काळपट लाल, पुढचा जरा निळसर, त्याच्या पुढचा आणखी, आणि ओळ संपता संपता वांगं.

"दादा, चोरून रंगवणारा माणूस असा पायरीपायरीनं रंगवतो का? आणि विसरणारा? विसरणारा एक लाल रंगवेल, एक जांभळा, मधेच हिरवा. ही चढण एकसारखी आहे. हात आणि मन एका जागी ठाम असल्याशिवाय असं होत नाही."

"मग काय झालं?" सुनेनं विचारलं.

"तुझ्या निळीचं झालं तेच. शर्ट पिवळे पडतच नव्हते. यांचा डोळा पिवळा पडत होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यासमोर चहाच्या पाण्याची काच धरल्यासारखं. पांढरं पिवळं दिसतं आणि निळं मरून जातं. ही काच एका दिवसात येत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. तू बशीत रंग घोटायचास, दादा, आणि निळ्याचा तो निसटता भास दिसेना. मग आणखी निळा घालायचास. दर महिन्याला थोडा जास्त. नजरेला पटेपर्यंत. थेंब मोजले असतेस तर पहिल्याच खेपेला लक्षात आलं असतं. जुने भुसावाले मळकट का दिसायला लागले होते? त्यांच्यात निळा बेताचाच होता, तोही तुला दिसेनासा झाला. आणि उजव्या डोळ्यातली काच डॉक्टरांनी काढल्यावर तू खोलीत आलास."

आबा ओळीकडे बघत होते. विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, आणि म्हणूनच ते ठेवायला घाबरत होते. "डॉक्टर म्हणाले होते, स्वच्छ दिसेल. रंगांचं काही..." ते थांबले. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगत असशील तर नको."

"मी आयुष्यात कोणाचा खोटा दावा मंजूर केलेला नाही. तुझाही करणार नाही." आत्यांनी चोथ्यावरचा शेवटचा घोडेस्वार उचलून त्यांच्या हातात दिला. "पुरावा तुझ्याजवळच आहे. डावा डोळा अजून व्हायचाय ना? उजव्यावर हात ठेव."

आबांनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला. खिडकीतल्या उजेडात पुतळा धरला.

मग जरा लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हाच," आबा म्हणाले. "हाच माझा रंग. असाच लावला होता."

त्यांनी हात डाव्या डोळ्यावर नेला. जांभळा. परत उजव्यावर. गोठलेलं रक्त. पुन्हा बदलला, पुन्हा. मग ते रडायला लागले, आणि रडतानाही हात बदलत राहिले, एकदा हा डोळा, एकदा तो. सुनेनं पदरानं आपलं तोंड पुसलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सासऱ्याच्या पाठीवरून तिनं आजवर कधी हात फिरवला नव्हता.

"मला सगळं आठवत होतं, सूनबाई," आबा म्हणाले. "सगळं बरोबर आठवत होतं."

"हो, आबा."

"नीळ आता कमी कर."

"दुसरा डोळा होऊ दे," सून म्हणाली, "मग एकदाच काय ते ठरवू."

थोड्या वेळानं आबांनी फोन मागितला. पलीकडे मेजरनं उचलल्याचं कळलं, पण दोघंही आधी बोलायला तयार नव्हते. शेवटी आबांनी खाकरून घसा साफ केला.

"मेजर, भाला वाकडा चिकटवलायस."

पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"ते असू दे. मी तुला जे चोर म्हटलं ते मागे घेतो. माझं चुकलं, फार चुकलं. पण एक लक्षात ठेव, जांभळा मी मान्य केलेला नाही. कधीच केला नव्हता." ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय? वेगवेगळ्या गोगलगायींचे वेगवेगळे रंग? म्हणजे दोन्ही बरोबर? हे बघ, फोनवर नको, समोर ये. भांडायचं तर नीट बसून भांडू. आणि येताना ती थेंब मोजायची नळी घेऊन ये."

फोन ठेवून आबा खिडकीतच बसले. सम्राट खोक्यातून बाहेर आला होता आणि सुनेनं त्याला मधोमध उभा केला होता, तोंड चुकीच्या बाजूला करून. आबांनी तो फिरवला नाही. ते आता खोलीभर बघत होते, एक डोळा झाकून, मग दुसरा. भिंत बघितली, पडदा बघितला. मग बहिणीकडे वळले आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"तुझे केस केवढे पांढरे झालेत गं."

"केव्हाचेच, दादा," आत्या म्हणाल्या, आणि भावाला नीट दिसावं म्हणून जरा उजेडात सरकल्या.